काकू, बाई आणि काकूबाई

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या कथेतली मुलगी अंबाजोगाईची, नोकरीला पुण्यात. तिची आई चार दिवस रूमवर राहून जाते. आई परत गेल्यावर रूममेट म्हणते, "तुझी आई ना, टिपिकल काकूबाई आहे." कथा वाचून एका मैत्रिणीने सांगितलं की शब्द अपमानकारक आहे, तिथे 'साधी गृहिणी' करा. दुसऱ्याने सांगितलं, मराठवाड्यात हा शब्द कुणी बोलतच नाही, खोटा वाटतो. त्यांना एवढंच हवंय, ठेवू की काढू?

ठेवा. 'टिपिकल' मात्र काढा, त्याचं कारण पुढे येईल. आणि शब्द कुणाच्या तोंडी ठेवताय याची काळजी घ्या, कारण सगळं तिथेच अडलंय.

अठ्ठावीस वर्षं मी मुद्रितशोधन करतेय, आधी दैनिकात, आता पुस्तकांचं. माहेर केज तालुक्यातलं, संसार छत्रपती संभाजीनगरात. या शब्दाने एकदा मला चांगलंच तोंडावर पाडलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी 'बाई'चं बघू. मराठीत हे शेपूट कशाला लागलंय यावर त्याची चव बदलते. नावाला लागलं तर मान: काशीबाई, राधाबाई. नात्याला लागलं तरी मानच, विशेषतः सासरच्या नात्यांना: सासूबाई, जाऊबाई, नणंदबाई, विहीणबाई. पण स्वभावाला, खोडीला लागलं की थट्टा. रडूबाई, रुसूबाई, भित्री भागूबाई. त्यातली भागूबाई तर मूळची नावाचीच, पण पोरांनी इतकी चिडवाचिडवी केली की आता भित्र्या मुलग्यालाही भागूबाई म्हणतात. आणि एक तिसरी जात आहे, भीतीपोटी दिलेल्या मानाची. दारिद्र्याला अक्काबाई म्हणायचं, 'अक्काबाईचा फेरा आला' म्हणायचं, म्हणजे ती रागवायची नाही.

मग काकूबाई यात कुठे बसते? रूप बघितलं तर सासूबाई-जाऊबाईच्या रांगेत. माझी आई तिच्या चुलतसासूला काकूबाईच म्हणायची. "काकूबाई, चहा ठेवू का?" त्यात थट्टेचा लवलेश नव्हता, उलट धाक होता. पण पुण्या-मुंबईच्या बोलण्यात तोच शब्द रडूबाईच्या रांगेत जाऊन बसला. नातं गळालं आणि 'काकू' हा स्वभाव झाला. चापूनचोपून घातलेली तेलाची वेणी, साडीवर स्वेटर, सॅंडलमध्ये मोजे, काखेत पर्स आणि हातात शिवाय एक कापडी पिशवी, हॉटेलात गेल्यावर 'घरी यापेक्षा चांगलं होतं' हे वाक्य. हे सगळं मिळून काकूबाई. वयाचा संबंध नाही. पंचविशीतली मुलगीही काकूबाई असते. वस्तूही असते: काकूबाई ड्रेस, काकूबाई चष्मा.

दोन काकूबाईंमधला फरक ओळखायची सोपी खूण क्रियापदात आहे. 'काकूबाई आल्या' म्हटलं की चुलतसासू आली. 'काकूबाई आली' म्हटलं की कुणाची तरी टिंगल चाललीय. (उपरोधाने 'आल्या मोठ्या शहाण्या' म्हणतात ते वेगळं, तिथे आवाजच सांगतो.) म्हणूनच हा दुसरा शब्द कुणाला तोंडावर हाक म्हणून मारत नाहीत. काकू ही हाक आहे, आणि थट्टेतली काकूबाई म्हणजे पाठीमागे केलेलं वर्णन. तुमच्या कथेत रूममेट आई गेल्यावर बोलते, हे बरोबर साधलंय.

आता माझी फजिती. दैनिकाच्या महिला पुरवणीत एक लेख आला होता, कपड्यांविषयीचा, बाहेरच्या लेखिकेचा. मथळा होता, 'काकूबाई लूकला करा बाय बाय'. मी त्यात कू दीर्घ आहे ना ते तपासलं, 'लूक'चा ऊ तपासला आणि पान सोडलं. दुसऱ्या दिवशी बीडकडून एका बाईंचा फोन. राग नव्हता, खरंच विचारायला केलेला.

"मॅडम, आमच्या गल्लीत तीन काकू हायेत. तिघी पेपर घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणल्या, आमचं काय चुकलं?"

मी म्हटलं, "अहो, काकूंना नाही म्हटलेलं ते. काकूबाई म्हटलंय."

"तेच की. काकूबाई म्हणजे अजूनच मानाचं झालं ना?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्याच आईचा शब्द होता तो, आणि मी तो पुण्याच्या कानाने वाचला होता.

त्या फोनमागे बीडचं आणखी एक कारण होतं, ते मला नंतर सुचलं. त्या जिल्ह्यात एका अख्ख्या पिढीला 'काकू' म्हटलं की केशरकाकू क्षीरसागर आठवतात. तीन वेळा लोकसभेवर निवडून गेलेली बाई. तिथे काकू म्हणजे मोर्चा थांबवणारी, फोन लावणारी, काम करून देणारी. हिंदीत 'बहनजी'चं असंच आहे. दिल्लीच्या कॉलेजात बहनजी म्हणजे गावठी मुलगी, आणि उत्तर प्रदेशच्या राजकारणात बहनजी म्हणजे मायावती. शब्द तोच, फक्त बोलणारा कुठे उभा आहे ते बदललं.

'मराठवाड्यात हा शब्दच नाही' हे म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं. थट्टेतली काकूबाई आता इथेही आलीय. संभाजीनगरच्या कॉलेजात, लातूरच्या क्लासच्या पोरींत, इन्स्टाग्रामवर सर्रास ऐकू येते. पण ती राहते शहरात आणि एका ठरावीक पायरीवर. ही पायरी नीट बघा, कारण कथा लिहिणारे नेहमी इथेच घसरतात.

शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला काकूबाई कुणीच म्हणत नाही. तिला नावं ठेवायची झाली तर गावंढळ म्हणतील, अडाणी म्हणतील. काकूबाई म्हणायला ती बाई म्हणणारीच्या बरोबरीची लागते, निदान बरोबरीला येऊ शकली असती अशी लागते. मध्यमवर्गीय, शिकलेली, फ्रीज-मिक्सरवाली, पण 'अजून तशीच राहिलेली'. म्हणजे हा शब्द शेजारच्या पायरीवर मारलेला आहे, खालच्या पायरीवर नाही. आणि बहुतेक वेळा तो बाईनेच बाईसाठी वापरलेला असतो. पुरुष वापरतात, पण त्यांच्या तोंडी तो उसना वाटतो. स्वतःसाठीही वापरतात: "मला नाही बाई ते जीन्स वगैरे, मी आपली काकूबाईच बरी." या स्वतःसाठीच्या वापरात कमीपणा आणि ठसका दोन्ही असतो.

याचं नेमकं चित्र बघायचं असेल तर लातूरच्या क्लासच्या भागातल्या एखाद्या मेसमध्ये दुपारी बारा वाजता जाऊन बसा. माझी भाची तिथे दोन वर्षं होती, मी तिच्याकडे जायचे तेव्हा तिथेच जेवायचे. मेस एका घराच्या पुढच्या खोलीत. दारात रजिस्टर घेऊन बसायच्या त्या काकू. मेसच्या मालकीण, शिक्षकाची बायको, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या बरोबरीने चष्म्याची साखळी. आत गॅसपुढे सकाळपासून पोळ्या लाटणाऱ्या त्या मावशी. दोघींचं वय सारखंच, पन्नाशीच्या आसपास. मला तर मावशीच लहान वाटायच्या. पण दोनशे पोरापोरींपैकी एकाचीही कधी चूक व्हायची नाही. "काकू, उद्या डबा नको." "मावशी, एक गरम पोळी." काकूला मावशी म्हटलं तर काकू रागावतील, आणि मावशींना काकू म्हटलं तर मावशीच लाजून "मी कुठली काकू" म्हणतील. नात्याने पाहिलं तर मावशी जवळची, आईची बहीण. मेसमध्ये मात्र जवळचं नातं खालच्या कामाला आणि लांबचं नातं मालकीला. असं का झालं? माझा अंदाज असा की मावशी म्हटलं की घरचंच काम वाटतं आणि काम सांगायला संकोच होत नाही. दवाखान्यातल्या आया मावशी, शाळेतल्या शिपाई बाई मावशी, भाजीवाली मावशी.

बँकेच्या काउंटरवर हेच तीन पदरी होतं. पर्स आणि पेन घेऊन आलेली ती मॅडम, पासबुक पिशवीतून काढणारी ती काकू, लुगडं नेसून अंगठा लावायला आलेली ती मावशी नाहीतर आजी. कारकुनाला कुणी शिकवलेलं नसतं. तो एका नजरेत ठरवतो.

याच काउंटरपुढे आता एक नवा शब्द जन्मलाय. २०२४ च्या जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, २१ ते ६५ वयाच्या पात्र बायकांना महिना १५०० रुपये. नावात 'बहीण' होती, पण लोकांनी ती टाकली आणि विशेषण ठेवलं. "लाडकीचे पैसे पडले का?" "लाडक्या इकडं, बाकीचे तिकडं." सामान्य बाईसाठी सरकारी कागदातून इतक्या झटपट बोलीत उतरलेला दुसरा शब्द मला आठवत नाही. अर्थात त्यात कुत्सितपणाही लगेच शिरला. पुढची पिढी कोशात काय लिहील कोण जाणे.

आता मराठवाड्याचे स्वतःचे शब्द. तुमच्या कथेतली आई, तिच्या जावा, तिची गल्ली काय बोलेल, ते इथे सापडेल.

पहिला आणि सगळ्यात मोठा 'बाईमाणूस'. हा शब्द आपल्याकडे जितका चालतो तितका पुण्यात चालत नाही. त्यात दोन्ही आहे, दटावणी आणि राखण. "बाईमाणसाच्या जातीनं एवढं बोलू नाही" हेही त्याच तोंडातून येतं आणि एसटीत कंडक्टरचं "ओ दादा, बाईमाणूस उभं हाय, सरका जरा" हेही. इथे लिंगाकडे बघा. 'उभी' नाही, 'उभं'. बाई स्त्रीलिंगी, माणूस पुल्लिंगी, आणि दोन्ही जोडले की बोलीत नपुंसकलिंगी: "बाईमाणूस एकटं कसं जाईल?" पोरगं, लेकरू यांच्या रांगेत. लहान, सांभाळायचं, एकटं न सोडायचं. कितीतरी हस्तलिखितांत शहरी लेखक 'बाईमाणूस उभी आहे' लिहितात आणि मी ते परत 'उभं' करते. तो एक अनुस्वार गेला की सगळा कंडक्टरच जातो.

दुसरा 'बायाबापड्या'. हा बहुधा अनेकवचनीच येतो. मोर्च्याला बायाबापड्या आल्या, पाण्याच्या टँकरवर बायाबापड्या भांडल्या. बातमीदारांचा फार लाडका. मी तो जमेल तिथे काढते. त्यात कीव आहे आणि कीव केली की माणसं मोजायची गरज उरत नाही.

तिसरा शब्द खरं तर शब्दाचा अभाव आहे. आमच्या केज, धारूर, वडवणीकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या भरून जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती माणशी नाही, 'कोयत्याला' देतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटं गेलं तर अर्धा कोयता. ती बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, पहाटे भाकरी थापते, पण व्यवहाराच्या भाषेत तिला वेगळा शब्द नाही. ती हत्याराच्या नावातला अर्धा भाग. साधारण बाईविषयीच्या शब्दांचा हिशेब मांडायचा आणि कोयता वगळायचा, हे मला जमत नाही.

कागदोपत्री काय म्हणतात? वर्तमानपत्रात जाहीर प्रगटनं तपासून तपासून माझे डोळे गेले. आपल्याकडच्या दस्तात हमखास सापडणारी दोन रूपं. एक, नावापुढचं 'भ्र.', म्हणजे भ्रतार, नवरा: 'काशीबाई भ्र. रामराव'. मुलीच्या नावापुढे 'पि.', पिता. दुसरं, 'वय ५२ वर्षे, धंदा घरकाम'. कधी 'धंदा शेती व घरकाम'. पाहायला गेलं तर हा 'धंदा घरकाम' माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक शब्द. गृहिणी म्हणून गौरव नाही, काकूबाई म्हणून टवाळी नाही, कामाला काम म्हटलंय.

म्हणूनच 'साधी गृहिणी' करा हा सल्ला मला मान्य नाही. गृहिणी हा बोलण्यातला शब्दच नाही, तो फॉर्मवरचा आणि सत्काराच्या भाषणातला. पुण्यातली मुलगी रूमवर लोळत असताना 'तुझी आई साधी गृहिणी आहे' असं म्हणणार नाही. म्हटलं तर ती निबंध वाचतेय असं वाटेल.

सीमेकडचं धावतं सांगते. उदगीर, निलंगा, उमरग्याकडे वयस्क बाईला आक्का सहज म्हणतात, कन्नडचा शेजार आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादला तेलुगूमुळे अम्मा. संभाजीनगर, परभणीच्या मुस्लिम मोहल्ल्यांत खाला आणि आपा, आणि शेजारच्या हिंदू घरातली पोरंही तिथे खालाच म्हणतात. तुमची कथा अंबाजोगाईची असल्याने काकू, मावशी, बाई, माय एवढ्यावर भागेल. एकमेकींना बोलताना 'माय' आणि 'वं' विसरू नका: "काय करायलीस वं?", "नको माय, लई झालं."

एका गोष्टीकडे मात्र थोडं थांबून बघा. कुणाच्या नावाला बाई लागायचं आणि कुणाच्या नाही, हे गावात जातीवर ठरत असे. वाड्यातली काशीबाई, वस्तीवरची काशी, आणि हाक मारताना तर 'काशे'. वय कितीही असो. आमच्या गंगाखेडच्या संत जनाबाई स्वतःला अभंगात 'नामयाची जनी' म्हणवतात. बाई आपण नंतर लावलं, आणि कुणी प्रेमाने जनाई केलं. एकाच नावाची ही तीन रूपं, आणि प्रत्येक वेळी बोलणारा वेगळ्या जागी उभा. तुमच्या कथेत आईकडे धुणीभांड्याला येणारी एक बाई आहे, तिला तुम्ही फक्त 'शांता' म्हटलंय आणि आईला सगळीकडे 'शोभाताई'. निवेदकाच्या तोंडी हे मुद्दाम ठेवलं असेल तर ठीक. नकळत झालं असेल तर रूममेटच्या काकूबाईपेक्षा हे जास्त बोचणारं आहे, आणि तिकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही.

आता तुमच्या वाक्याची दुरुस्ती. 'टिपिकल काकूबाई' मध्ये टिपिकल जादा आहे. काकूबाईचा अर्थच मुळी 'एका छापाची' असा. पांढरं दूध म्हटल्यासारखं होतं. बोलताना लोक म्हणतात, हे मान्य, पण कागदावर त्याने धार जाते. "तुझी आई ना, अगदीच काकूबाई आहे गं," एवढं पुरे. 'गं' ठेवा, त्याने तिचा आवाज येतो आणि ती दुष्ट न वाटता बेफिकीर वाटते, तुम्हाला तेच हवंय असं दिसतं.

पुढच्या परिच्छेदात मुलगी मनातल्या मनात समजावते की मराठवाड्यात काकू म्हणजे आदर, संस्कृती वेगळी वगैरे. ते आठ ओळींचं काढून टाका. ती माझ्यासारख्यांची कामं, कथेतल्या मुलीची नाहीत. त्याऐवजी तिला रात्री घरी फोन लावू द्या. आई पोचल्याचं विचारायला. आई सांगेल की गाडीत शेजारी एक चांगली बाई बसली होती, तिने जागा धरून ठेवली, केजपर्यंत गप्पा झाल्या. मग विचारेल, "तुझी ती मैत्रीण काय म्हणली गं मला?" आणि मुलगी खरं सांगेल, "काकूबाई म्हणली." पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग आई खूश होऊन म्हणेल, "बघ, पोरीला वळण हाय."

वाचकांपैकी निम्म्यांना त्यावर हसू येईल आणि निम्म्यांना कळणारच नाही की आई का खूश झाली. कळणार नाही त्यांच्यासाठी तळटीप देऊ नका. आणि प्रूफ पाठवाल तेव्हा 'म्हणली'चं कुणी 'म्हणाली' करणार नाही एवढं बघा. करतातच.